हळद घातली म्हणून भाजी सांगलीची होते का?

अनुस्वार
दोन वर्षं इथे रोमात आहे, म्हणजे नुसती वाचते. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी सांगलीत अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सहा पोस्टर केली. प्रत्येकात एक कलाचळवळ आणि आपल्याकडची एक गोष्ट. बाउहाउस (जर्मनीतली कलाशाळा) आणि हळद. स्विस शैली आणि आयर्विन पुलावरचा पूर. आर्ट नूव्हो आणि नाट्यपंढरी. कन्स्ट्रक्टिव्हिझम आणि प्रतिसरकार. आर्ट डेको आणि मिरजेची सतार. सहावं पॉप आर्ट आणि भडंग, ते जरा गंमत म्हणून.

चार महिने घासली. ज्युरीला बाहेरून आलेल्या सरांनी सहाही पोस्टरांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "हे सगळं पिंटरेस्टवर मिळतं. यात सांगली कुठाय? हळद घातली म्हणून भाजी सांगलीची होत नाही." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले.

पुन्हा दाखवायला तीन आठवडे दिलेत. फोटो खाली जोडलेत. गोड बोलू नका, खरं सांगा. सर बरोबर की मी?

भडंगवाला नव्हे
भडंगाचं पोस्टर फ्रेम करून मिळेल का? बाकी चालू द्या.

तिरपी मात्रा
जाहिरात क्षेत्रात बावीस वर्षं काढली, त्या जोरावर बोलते.

सरांची बोलायची पद्धत वाईट. पण मुद्दा सहापैकी चार पोस्टरांना लागू आहे. हळदीचं बघ. लाल चौकोन, निळं वर्तुळ, पिवळा त्रिकोण, मधोमध हळकुंडाचा फोटो. आता मनातल्या मनात हळकुंड काढ आणि तिथे बटाटा ठेव. पोस्टर जसंच्या तसं उभं राहतं की नाही? म्हणजे हळकुंड तिथे पाहुणं आहे.

सतारीचंही तेच. पायऱ्यापायऱ्यांच्या सोनेरी रेघा मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर शोभतात. तिथे सतारीऐवजी हार्मोनियम ठेवली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

पुराचं पोस्टर मात्र वेगळं आहे. त्यातलं काहीच बदलता येत नाही. त्यावर नंतर लिहिते, मीटिंग आहे.

मराठी बाणा
मुळात हे परदेशी वाद हवेतच कशाला? आपल्याकडे वारली आहे, पिंगुळीची चित्रकथी आहे, पैठणीचे मोर आहेत. जर्मनीचं उष्टं कशाला?

नुसता वाचक
वारली नको हो. वारली आता हॉटेलच्या बाथरूमच्या टाइल्सवर पोचली.

ओवी
@मराठी बाणा, वारली पालघर-डहाणूकडची, पिंगुळी कुडाळजवळची, पैठण संभाजीनगरकडं. यातलं सांगलीचं कुठलं? सांगलीच्या मुलीला बाउहाउसचं डेसाऊ जेवढं लांब तेवढंच डहाणू लांब. (हलकेच घ्या.)

आणि उष्ट्याचंच म्हणाल तर आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो तो विष्णुदास भाव्यांच्या सीता स्वयंवरामुळे, १८४३, सांगली संस्थान. त्याची ठिणगी कुठून पडली? कर्नाटकातली भागवत मंडळी इथे खेळ करून गेली, ते सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब यांनी बघितले आणि भाव्यांना म्हणाले, तसं काही आपल्याकडे करा. मिरजेची सतार घ्या. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारी माणसं. लढाया संपल्या, तलवारींचं काम आटलं, तेव्हा ते वाद्यांकडे वळले. आज त्या सतारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे.

बाउहाउसचं म्हणाल तर ती मंडळी १९२२च्या डिसेंबरातच कलकत्त्यात येऊन गेली, चित्ररूपानं. क्ले, कँडिन्स्की, इटन यांची कामं तिथल्या प्रदर्शनात लागली होती. शाळा सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

मराठी बाणा
माहिती चांगली आहे. मत बदललेलं नाही.

सातारी तुरा
सतार मिरजेची आणि नाव साताऱ्याचं, हे बरं जमवलंत.

ओवी
सतारीचा साताऱ्याशी काडीचा संबंध नाही. फारसी सेहतार, तीन तारांचं वाद्य. तुम्ही कंदी पेढे सांभाळा.

काठावरचा
पुराचं पोस्टर बघितलं आणि पाच मिनिटं फोन खाली ठेवला.

ज्यांनी फोटो उघडला नाही त्यांच्यासाठी: वरपासून खालपर्यंत एकच रंग. वरच्या एक तृतीयांशावर कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी पांढरी रेघ, ती शिरोरेखा. तिच्याखाली लटकलेली अक्षरं 'सांगली'. रेघेच्या वर फक्त दोन गोष्टी, 'सां'वरचा अनुस्वार आणि 'ली'ची वेलांटी. कोपऱ्यात बारीक आकड्यात ४०, ४५ आणि ५७. बस.

बाहेरगावच्यांना सांगतो. आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी चार दिवस थांबलं होतं. उतरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली ती एकदम सरळ, सुतात. चारी खोल्यांत एकाच उंचीवर. फडताळ, कॅलेंडर, आजोबांचा फोटो, सगळ्यांवरून तीच रेघ. दोनदा रंग काढला तरी दमट हवेत अजून उमटते. म्हणून मला ती शिरोरेखा वाटलीच नाही, आमची भिंतच दिसली. आणि वरचा टिंब म्हणजे गच्चीवरची काळी टाकी. चार दिवस आम्ही तिच्याच आडोशाला होतो.

फक्त एक चूक आहे, ताई. तुम्ही पाणी निळं केलंय.

कृष्णा पुरात निळी नसते. चहात दूध कमी पडल्यासारखा रंग असतो, तांबूस, मातकट. निळा पूर फक्त बातम्यांच्या ग्राफिकमध्ये असतो.

अनुस्वार
@काठावरचा, काय बोलू कळत नाही. निळा मी एका जुन्या स्विस पोस्टरवरून उचलला होता. २०१९ला मी नववीत होते, विश्रामबागेत मावशीकडे. आमच्याकडे पाणी आलं नव्हतं. म्हणजे मी पूर बघितला तो टीव्हीवरच.

तिरपी मात्रा
आता लक्षात आलं सर काय म्हणत होते? कदाचित त्यांनाही नीट सांगता आलं नसेल. रेघ तुझी होती, रंग उसना होता.

गूळ-हळद
आमची अडत आहे यार्डात, त्यामुळे हळदीच्या पोस्टरवर बोलायचा हक्क पोचतो.

हा पिवळा हळदीचा नाही. लिंबाचाही नाही, हायलायटर पेनचा आहे. राजापुरी हळकुंड मोडून बघा. आत केशरीकडे झुकणारा गडद पिवळा, मोडल्या जागी जरा मेणासारखी चकाकी. पॉलिश व्हायच्या आधी वरून तर मातकट तपकिरीच दिसतं. सौद्याच्या दिवसांत हवेत जी भुकटी उडते तिचा रंग तिसराच. आमच्या वहीच्या कडा, पंख्याची पाती, माझ्या शर्टाची कॉलर, सगळं त्या रंगाचं. तो घ्या.

अर्धा कप चहा
मग हळदीनंच छापा की! स्क्रीन प्रिंटला हळद घोळून शाई करायची. बघणाऱ्यानं चुन्याचं बोट लावलं की तिथे लाल. कुंकू असंच करतात ना.

प्रयोगशाळा सहायक
रसायन बरोबर आहे, चुन्यासारख्या अल्कलीनं हळदीतला कर्क्युमिन लाल होतो, साबणानंही होतो. हळदीच्या डागावर साबण लावला की आई का ओरडते ते याचमुळे. पण तो रंग उजेडात टिकत नाही. उन्हाच्या खिडकीपाशी पोस्टर लावलं तर परीक्षेपर्यंत पांढरं.

भडंगवाला नव्हे
मार्कही तसेच उडतील.

हरिपूरची लेक
हळदीवर कुणी पेवाचं बोललंच नाही म्हणून लिहिते.

हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. वरून बघाल तर माणूस उतरेल एवढं गोल तोंड. खाली मोठं पोट, रांजणासारखं. आत कडेनं उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंड बंद करून वर माती. वर्षानुवर्षं कीड नाही. पेव उघडलं की आजोबा लगेच कुणाला उतरू देत नसत. आधी तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. आम्ही पोरं पोटावर पडून तोंडाशी बघत असायचो आणि खालून वास यायचा, तो हळदीचा वास नसायचा, ओल्या अंधाराचा असायचा.

२००५च्या पुरात बहुतेक पेवं गेली. पाणी शिरलं, माती बसली.

तर बाळ, तुला वर्तुळच हवं होतं ना? वरून पेव म्हणजे वर्तुळ आहे. उभा छेद काढलास की बाटली. ते काढ.

तिरपी मात्रा
मी हेच लिहायला आले होते आणि इथे माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं सापडलं. पेवाचं तोंड, त्याच्या खाली छेद, आणि शेवटी तो रंग. बटाटा ठेवून बघा आता.

सूत दोरी
मी पेंटर. सांगली, तासगाव, जतपर्यंत पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता घरच्या घरी नंबर प्लेटी आणि देवळांची कामं. मोबाइलवर टाइप करतो, चुकलं तर समजून घ्या.

पोरीनं अक्षर चांगलं धरलंय. पण हळदीच्या पोस्टरवर अक्षर कॉम्प्युटरचं आहे, आणि तिथंच सगळं गेलं.

आम्ही कसं करायचो सांगतो. निळीची दोरी दोघांनी ताणून धरायची, मधे बोटानं उचलून सोडायची. टपकन् रेघ. वरची एक, खालची एक. मग खडूनं अक्षरं पाडायची. 'हळद' लिहायला सोपं वाटतं पण मधला ळ लय चावट. ह बारीक, द बारीक, मधे हा दोन पोटांचा. त्याला जागा दिली तर शब्द फुगतो, नाही दिली तर गुदमरतो. माझे उस्ताद म्हणायचे, ळ आधी लिही आणि बाकीच्यांना त्याच्या बाजूला बसव.

आणि जिल्ह्यात ळ किती बघा. वाळवा, शिराळा, कवठेमहांकाळ. एसटीच्या पाट्या रंगवताना आमचा हात ळ वरच बसलाय.

ओवी
@सूत दोरी काका, तुम्हाला ठाऊक नसेल, पण तुम्ही आत्ता बाउहाउसच्या दारात उभे आहात. हर्बर्ट बायर म्हणून तिथला माणूस. त्यानं १९२५मध्ये अशी अक्षरं केली जी फक्त वर्तुळ, कंस आणि सरळ रेघेत बसतील. शिवाय कॅपिटल अक्षरं रद्द, एकाच आवाजाला दोन चिन्हं कशाला म्हणून. आपल्या देवनागरीत कॅपिटल पहिल्यापासून नाहीच! आणि कंपासनं काढता येतील अशी अक्षरं? ट, ठ, ढ, आणि तुमचा तो ळ.

सूत दोरी
ठ ला आम्ही वाटी उलटी ठेवून गिरवायचो. जर्मनीला कशाला जायचं.

अनुस्वार
आज रात्री झोप नाही. कंपास घेऊन ळ काढतेय. दोन वर्तुळं काढली तर चष्मा दिसतो. डावं जरा उघडं ठेवलं की ळ होतो.

फुल्ल फ्लेक्स
कलाचळवळींच्या यादीत एक राहिली, आपली अस्सल. फ्लेक्सवाद. जन्मस्थान चौक. लक्षणं: दहा बाय वीस, मध्ये भाऊ, मागे वाघ, वर ढगात दिवंगत नेते, अक्षरांना सोनेरी कड आणि त्याला चकाकी, खाली शुभेच्छुकांची बेचाळीस गोल मुंडकी. ती मुंडकीपण कंपासनंच, बरं का ओवी.

नुसता वाचक
त्यातला रिकामी जागा न सोडण्याचा सिद्धांत जगात कुठे सापडणार नाही.

तिरपी मात्रा
हसताय, पण बेचाळीस मुंडक्यांत कुणाचं मोठं, कुणाचं बारीक, कोण भाऊंच्या उजवीकडे, याची जी उतरंड तो फ्लेक्सवाला लावतो ती मला क्लाएंटकडून तीन मीटिंगांत मंजूर करून घेता येत नाही. @अनुस्वार, पॉप आर्टला भडंगाऐवजी हे घे. वॉरहोलनं १९६२मध्ये सूपचे बत्तीस डबे मांडले ते रोजचं नजरेत होतं म्हणून. सांगलीच्या नजरेत रोज काय असतं?

भडंगवाला नव्हे
तीव्र निषेध. भडंग हलणार नाही.

सातारी तुरा
चेष्टा पुरे, एक कामाचं. एक दिवस काढ आणि औंधला जा. तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३८मध्ये टेकडीवर संग्रहालय उभारलं. राजे स्वतः चित्रं काढायचे, आणि सूर्यनमस्कार तर साऱ्या संस्थानाला घालायला लावले. तिथे रविवर्मा आहे, लघुचित्रं आहेत, आणि हेन्री मूरची दगडातली आई आणि मूल पण आहे. इतकुसं औंध, त्यात हेन्री मूर. त्या खोलीत उभं राहिलीस की 'परदेशी की देशी' हा प्रश्न आपोआप वेडगळ वाटतो. आमच्या जिल्ह्यात आहे म्हणून सांगत नाही.

ओवी
म्हणूनच सांगताय. पण खरं आहे.

आणि लांब कशाला, किर्लोस्करवाडी तुमच्याच जिल्ह्यात. नांगराच्या कारखान्याच्या आवारातून १९२० पासून 'किर्लोस्कर', मग 'स्त्री', मग 'मनोहर' अशी मासिकं निघाली. संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. जुने अंक एखाद्या नगरवाचनालयात मिळतील, मुखपृष्ठं आणि जाहिराती बघ. इथली माणसं शंभर वर्षांपूर्वी हेच करत होती.

जवारी
मिरजेतून लिहितोय, घरात सतारीचंच काम. पोस्टरातल्या सतारीला पडदे सगळे सारख्या अंतरावर काढलेत. तशी सतार वाजणार नाही.

पडदे वर दांडीच्या टोकाकडे लांब लांब असतात, भोपळ्याकडे येतील तसे जवळ जवळ. कारण तार जितकी आखूड, तितकं स्वराचं अंतर कमी जागेत मावतं. आणि ते ठोकलेले नसतात, दोऱ्यानं बांधलेले असतात. राग बदलला की एखादा सरकवायचा.

तिरपी मात्रा
@जवारी, तुम्ही जे सांगितलंत त्याला आमच्या धंद्यात ग्रिड म्हणतात. आणि बहुतेकांचं ग्रिड सारख्या अंतराचं असतं. @अनुस्वार, सोनेरी पायऱ्या फेकून दे. पडद्यांच्या अंतरावर पान आख. वर ऐसपैस, खाली दाट. आर्ट डेको गेलं खड्ड्यात, हे स्विसांनाही सुचलेलं नाही.

चौथा आयाम
सगळे इतके सहमत झालात की काळजी वाटायला लागली. मी सरांच्या विरोधात आहे. पोरगी विशीची आहे. नक्कल केल्याशिवाय हात बसतो का? गाणं शिकणारा दहा वर्षं गुरूची नक्कलच करतो, तेव्हा कुणी विचारतं का तुझी सांगली कुठाय? आर्ट नूव्होवाल्या मुखानं नटी सारा बर्नहार्टसाठी नाटकाची पोस्टर केली, ती नीट गिरवून बघितली यात या मुलीनं गुन्हा काय केला? त्या नाट्यपंढरीच्या पोस्टरमधल्या केसांच्या वळ्या बघा, हात आहे हातात. ज्युरीनं ते बघायला हवं होतं.

नुसता वाचक
मुखा की म्यूशा?

चौथा आयाम
चेक माणूस, मुखा. फ्रेंचांनी म्यूशा केला. तासगावला कुणी तासगाँव म्हणावं तसं.

तिरपी मात्रा
@चौथा आयाम, पटलं अर्धं. नक्कल वहीत असावी. पोस्टरवर नाव घालून लावली की लोक विचारणारच.

चौथा आयाम
मग वहीलाही मार्क द्या. देत नाहीत.

काठावरचा
प्रतिसरकारच्या पोस्टरवर कुणीच बोललं नाही. लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसलेली, ती लिसित्झ्की या रशियन कलाकाराच्या १९१९च्या पोस्टरसारखीच आहे. आमचे पणजोबा त्या धामधुमीत होते. ते चालायचंच अंधारात, निरोप तोंडी, कागद कमीत कमी. क्रांतिसिंह नाना पाटलांचं ते इंग्रजांविरुद्धचं सरकार भूमिगत होतं. त्याची इतकी मोठी लाल जाहिरात कुणी केली असती तर दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. ते पोस्टर जवळजवळ काळं हवं.

मराठी बाणा
हे मात्र एक नंबर. अनुमोदन.

अनुस्वार
अठरा दिवसांनी आले. सगळ्यांना एकदम उत्तर देते.

सहाची चार केली. आर्ट नूव्हो वहीत टाकलं (@चौथा आयाम, वही सोबत ठेवली होती, सरांनी उघडली, मार्क माहीत नाहीत). प्रतिसरकारचं काळं करून बघितलं, तीनदा, जमलं नाही. काळ्यावर काळं छापायला जी नजर लागते ती अजून नाही माझ्याकडे. वगळलं. @काठावरचा, रागावू नका.

पुराचा रंग बदलला. खरा रंग मिळेना म्हणून सरकारी घाटावरून बाटलीत गाळ आणला, कागदावर सुकवला आणि त्यावरून शाई जुळवली. प्रिंटरवाले दादा म्हणाले, "ताई, हा रंग नाही, ही चूक आहे." दोनदा परत पाठवलं.

हळदीचं आता पेव आहे. वर ळ, त्यातलं एक वर्तुळ म्हणजे पेवाचं तोंड, त्याच्या खाली छेद. हळदीनं नाही छापलं, @प्रयोगशाळा सहायक यांची भीती वाटली. सतारीचं पान पडद्यांच्या अंतरावर आखलं, @जवारी काकांनी फोटोवरून दोन अंतरं दुरुस्त करून दिली. भडंग आहे तिथेच आहे.

तेच सर होते. पुराच्या पोस्टरपाशी थांबले. विचारलं, "हा कुठला रंग?" मी सांगितलं. काही बोलले नाहीत. हळदीच्या पोस्टरवर म्हणाले, "ळ अजून कॉम्प्युटरचाच वाटतो." आणि पुढे गेले.

@सूत दोरी काका, ते बरोबर बोलले, ना? तो कंपासचा आहे, हाताचा नाही. रविवारी मिरजेला येते आहे, @जवारी काकांकडे. परत येताना तुमच्याकडे आले तर चालेल का? ब्रश कुठल्या नंबरचा आणू?

सूत दोरी
ब्रश नको आणू, आहेत. जुने कपडे घालून ये. आणि जेवून येऊ नको, मंडळी आत्ताच विचारतायत किती वाजता येणार.

भडंगवाला नव्हे
भडंग जिंकला. धागा बंद करायला हरकत नाही.

नुसता वाचक
काका, मी पण आलो तर चालेल का?